फुटामागे एक सूत

वकिलांनी खुर्ची उचलली, दोन हात मागे सरकवली आणि मगच ते बसले. समोर विमावाले बसले होते, आणि त्या घरातल्या माणसाच्या श्वासाची झुळूक लागेल इतक्या जवळ बसायचं नाही, ही रीत वकिलांच्या घरात तिसऱ्या पिढीत पोचली होती. विमावाल्यांनीही लगोलग आपली खुर्ची दोन हात मागे घेतली. टेबल मधोमध एकटं पडलं आणि त्यावरचे कागद कुणाच्याच हाताला लागेनासे झाले.

"छान," आत्या म्हणाल्या. "आता सह्या काठीनं करा."

विमावाले त्यांचे सख्खे भाचे. त्यांनी आत्यांकडे नापसंतीनं पाहिलं. घरचं माणूस परक्यांसमोर विनोद करायला लागलं की त्यांना पक्ष कमकुवत झाल्यासारखं वाटायचं.

सभा भरली होती ती खोली म्हणजे फाउंड्रीची जुनी पॅटर्न शॉप. इथं लाकडाचे साचे बनत, पलीकडच्या भट्टीघरात त्यांच्यावरून वितळलेलं बीड ओतलं जाई, आणि या सगळ्याचा धूर गावभर बसे. वीस वर्षांपूर्वी फाउंड्री बंद पडली. आता तिचं उद्यान झालं होतं. धुराड्याला 'स्मृतिस्तंभ' म्हणायचं होतं. ज्या राखेच्या ढिगाऱ्याला कामगार नाक मुरडत, त्यावर हिरवळ लावून त्याची टेकडी केली होती आणि पहाटे लोक तिच्यावर धावून वजन कमी करत. भट्टी थंड करायच्या टाकीत बदकं सोडली होती. ठिकठिकाणी बिडाची सुंदर बाकं होती. ती दुसऱ्या एका देशातून ओतून आणली होती, कारण इथं आता बीड ओतायला कुणी उरलं नव्हतं. कोपऱ्यातल्या लाउडस्पीकरमधून दहा ते पाच या वेळात घणाचा आवाज हळू आवाजात वाजे. आत्यांनी अडतीस वर्षं इथल्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे ट्रेस केले होते. तेव्हा घण हळू वाजावा म्हणून त्यांनी कानात कापूस घातला होता. आता लोक तिकीट काढून तो ऐकणार होते.

"आपण सुरुवात करूया का?" उद्यानाच्या बाईंनी विचारलं. त्या तरुण होत्या, आणि त्यांचं पद इतकं लांब होतं की गळ्यातल्या ओळखपत्रावर ते तीन ओळींत मोडलं होतं. "परवा उद्घाटन आहे. मला पाच वाजेपर्यंत दोन्ही घरांची संमती हवी. नाहीतर मागच्या कोपऱ्याची जागा दुसऱ्या कामाला जाईल."

"कुठल्या?" वकिलांनी विचारलं.

"सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या."

दोन्ही घरांची स्वयंपाकघरं त्याच कोपऱ्याला लागून होती. क्षणभर खोलीत एकमत झालं. मग दोघांनाही ते जाणवलं आणि दोघांनी घाईनं तोंडं फिरवली.

दोन्ही घरांमधल्या भिंतीचा इतिहास गावातल्यांना पाठ आहे. बाकीच्यांना एवढं पुरे. दोघे भाऊ फाउंड्रीत होते. थोरले, म्हणजे आत्यांचे वडील, पॅटर्न शॉपचे हेडमिस्त्री, म्हणून त्यांचं घर साचेवाल्यांचं. धाकटे फिटर, म्हणून त्यांचं घर फिटरांचं. दोघांनी मिळून फाउंड्रीच्या मागे शहाण्णव फूट रुंदीचा तुकडा घेतला. थोरल्यांनी आपल्या हातानं अठ्ठेचाळीस फूट मोजून खुंटी ठोकली आणि म्हणाले, पलीकडचं तुझं. धाकट्यांनी पलीकडचं मोजलं तर ते साडेसत्तेचाळीस भरलं. थोरल्यांनी आपलं पुन्हा मोजलं, ते अठ्ठेचाळीसच भरलं. धाकटे म्हणाले, दादा, तू सहा इंच खाल्लेस. थोरले भर फाउंड्रीत म्हणाले, तुला मोजता येत नाही. खुंटीवर भिंत उभी राहिली. फाउंड्रीचं मागचं छोटं दार तिथंच होतं, तेही त्या भिंतीनं गिळलं. त्याला आता त्रेसष्ट वर्षं झाली होती. एवढ्या काळात दोन्ही भाऊ गेले, फाउंड्री गेली, धूर गेला. भिंतीला मात्र दोन्ही बाजूंनी दर दोन वर्षांनी नवा रंग लागे, आणि तोही वेगवेगळा.

उद्यानाचा प्रस्ताव साधा होता. भिंतीचं उद्यानाकडचं टोक दहा फूट पाडायचं आणि तिथं उद्यानात उघडणारं चार फुटांचं दार ठेवायचं. दोन्ही घरांनी त्यातून ये-जा करावी.

आत्यांना ते दार हवं होतं. उघड कारण गुडघा. मुख्य फाटक दुसऱ्या टोकाला होतं. तिथवर चालत जायला त्यांना पाऊण तास लागे आणि परत आणायला डॉक्टर. दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या माडीच्या खिडकीतून बदकांच्या तळ्याकाठचं एक बाक दिसे. उद्घाटनाआधी आसपासच्यांना फिरायची मुभा होती, आणि गेला महिनाभर दर बुधवारी फिटरांची मुलगी भाड्याच्या गाडीनं वळसा घालून तिथं येऊन बसत होती. ती बाकाच्या एका टोकाला बसे. दुसरं टोक रिकामं ठेवी. पिशवीसुद्धा तिथं ठेवत नसे, मांडीवर धरून बसे.

ती आत्यांची चुलत बहीण. आत्यांहून सहा महिन्यांनी लहान, म्हणून तिला धाकली म्हणत. आता पंचाहत्तरीतही ती धाकलीच होती. लग्न होऊन ती कुठं गेली नाही. नवराच घरजावई होऊन आला आणि भिंतीचे अर्ज लिहिता लिहिता संपला. वकील हे तिचे चिरंजीव. आत्ता ती त्यांच्याशेजारी गप्प बसून साडीच्या पदराचा एक धागा शोधत होती. बारा वर्षांची असल्यापासून ती आत्यांशी एक शब्द बोलली नव्हती. आत्याही नाही.

"आमची हरकत नाही," विमावाले म्हणाले. "आधी त्यांनी सही करावी."

"आधी का? आधी सही म्हणजे आधी माघार," वकील म्हणाले. "आणि भिंत पाडली तर सहा इंचांचा पुरावा जातो. आमचा हक्क राखून ठेवतोय असं वर एक कलम घाला."

"घाला ना! त्याखाली लिहा, असले हक्क आमच्या काकांनी बारा वेळा मागितले आणि बारा वेळा तोंडावर आपटले."

"तुमचे काका नव्हते ते. माझे आजोबा होते."

"वडिलांचे काका म्हणजे घरात काकाच म्हणतात!"

"नातं तुम्ही तोडलंत. आता आमची नाती मोजू नका. तुमच्या घराला मोजणं जमत नाही, हे सिद्ध झालंय."

उद्यानाच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

विमावाल्यांच्या बायकोला, म्हणजे भाचेसुनेला, हा संवाद लग्नापासून तोंडपाठ होता. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि उत्तर न निघणाऱ्या गणितांचा तिला मनस्वी कंटाळा होता. ती उठून भिंतीकडच्या काचपेट्या बघत फिरू लागली. आत्या तिच्या मागोमाग मान वळवत राहिल्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी घरच्या खिळ्यावरची एक वस्तू कागदात गुंडाळून उद्यानाच्या बाईंना नेऊन दिली होती, सोबत स्वतःच्या सुबक अक्षरात माहितीही. त्रेसष्ट वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते काचेआडून निघालं तर बघावं, असा त्यांचा हिशेब होता.

"अय्या, ही आपली पट्टी!" भाचेसून म्हणाली. "देवघरा... आपलं, जिन्याशेजारच्या खिळ्यावरची! हिला हात लावायचा नाही म्हणून मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं." मग ती खालचा मजकूर वाचू लागली, वर्गात वाचतात तशी, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. "'आकसपट्टी. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. म्हणून लाकडी साचा मुळातच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी साचेवाले ही खास पट्टी वापरत. हिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब असतो.'"

"बरं मग?" विमावाले म्हणाले.

भाचेसून बोटं मोजत होती. "फुटामागे एक सूत. अठ्ठेचाळीस फुटांना अठ्ठेचाळीस सूत. आठ सुतांचा इंच. अठ्ठेचाळीस भागिले आठ..." ती थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग वकिलांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर सांगायची भीती वाटली.

"सहा," आत्या म्हणाल्या.



"म्हणजे चोरी सिद्ध झाली!" वकील उठले.

"चोरी कसली? चूक!" विमावालेही उठले. "हातातली पट्टी होती, तिनं मोजलं. माणूस घरी गेल्यावर हात बदलतो का?"

"हेडमिस्त्रीला आपली पट्टी लांब आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत असलेल्याच गोष्टी माणूस विसरतो! आणि तुमचे आजोबा त्याच फाउंड्रीत होते ना? त्यांच्या का नाही लक्षात आलं?"

"कारण एवढा मोठा हेडमिस्त्री जमीन साच्याच्या पट्टीनं मोजेल, असं शहाण्या माणसाच्या मनातसुद्धा..." वकील मध्येच थांबले. आपण थोरल्यांना मोठं म्हटलं हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मोहरा आत्यांकडे वळवला. त्यांच्या सगळ्या कागदांत आत्यांचा उल्लेख 'प्रतिवादी क्रमांक दोन' असा होता आणि समोरासमोर काय म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "तुम्ही... तुम्हाला हे कधी कळलं?"

"सहावीत."

"आत्या!" विमावाले खुर्चीवर कोसळले.

"भूमितीची परीक्षा होती," आत्या म्हणाल्या. "माझी पट्टी मोडली होती, म्हणून बाबांची नेली. फूटभर रेघ काढायची होती. मास्तरांनी मोजली, तर सूतभर जास्त. मला बाकावर उभं केलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पट्टी बरोबर आहे, तुझा मास्तर चुकला. मग संध्याकाळभर ती पट्टी मांडीवर घेऊन बसले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती खिळ्यावर गेली आणि भिंतीचा पहिला थर लागला."

"कळल्यावर भिंत बांधली?" वकिलांनी विचारलं.

"भर फाउंड्रीत भावाला अडाणी म्हणून झालं होतं. तीनशे माणसांनी ऐकलं होतं. मग भिंत बांधणंच सोपं पडलं."

"आणि तू गप्प राहिलीस! त्रेसष्ट वर्षं!" विमावाले म्हणाले.

"बाबा होते तोवर बाबांसाठी. मग सवय झाली."

"बाकावर जागा फार कमी होती," असा एक आवाज आला.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धाकली पदराच्या धाग्याकडे बघूनच बोलत होती. "हिनं मला कोपरानं ढोसलं. मी पडले असते."

"आई?" वकील म्हणाले.

"पट्टी दोघींत एकच होती. तिची रेघ सूतभर मोठी, माझीही सूतभर मोठी. मास्तर म्हणाले, दोघींची चूक सारखी, म्हणजे नक्कल केली. दोघींना एकाच बाकावर उभं केलं." तिनं मान वर केली, पण आत्यांकडे नाही, काचपेटीकडे. "मीही घरी जाऊन सांगितलं."

"आजोबांना?"

"ते म्हणाले, मला कळलंय. कालच कळलं, दादाची पट्टी हातात आली तेव्हा."

वकील आता खरोखर खाली बसले, आणि खुर्ची मागे सरकवायचं विसरले.

"मी म्हटलं, मग जा ना काकांकडे. तर म्हणाले, जाऊन काय सांगू? वर्षभर ज्याला चोर म्हटलं तो चोर नाही निघाला, तर मग मी कोण? आत्ता निदान माझ्यावर अन्याय झालाय. फाउंड्रीत लोक मला बसायला जागा देतात." धाकलीनं नाक पुसलं. "सहा इंच गेले त्याचं त्यांना दुःख होतं रे. पण ते परत मिळतील याची धास्ती जास्त होती."

इथं एका गोष्टीची नोंद करायला हवी. उद्यानाच्या बाईंना वाटलं, आता वकील आणि विमावाले गळ्यात पडतील. त्यांनी फोटोसाठी फोनही काढला. दोघे एकत्र आले खरे, पण वेगळ्याच कारणानं.

"मी वकील झालो ते या भिंतीसाठी!" वकील गरजले. "मला चित्रं काढायची होती!"

"शाळेच्या संघात मी मुद्दाम याला चेंडू दिला नाही," विमावाले म्हणाले. "गोलासमोर एकटा उभा होता. आपण हरलो. माझ्यामुळे! आणि या दोघी घरात बसून गंमत बघत होत्या!"

"मला वाटलं होतं, तुला मी दिसलो नाही."

"दिसला होतास की! लाल मोजे घातले होतेस."

"हे बघ, यांनी आपल्याला मूर्ख बनवलं. दोघींनी मिळून."

"मिळून नाही. न बोलता."

"ते तर जास्त वाईट! आण रे तो कागद."

टेबल दोघांनी एकदमच ओढलं. आईला आणि आत्यांना धडा शिकवायचा, त्यांनी जे इतकी वर्षं जपलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत पाडायचं, या एका उदात्त हेतूनं दोघांनी चार वाजून पन्नास मिनिटांनी सह्या केल्या. आधी कुणी करायची हा प्रश्न शेवटी उरलाच होता. तो भाचेसुनेनं एक-दोन-तीन म्हणून सोडवला.

आत्यांनी धाकलीकडे पाहिलं. धाकली पिशवीचा बंद बांधत होती.

हा एकोपा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवापर्यंत टिकला. उद्यानाची माणसं भिंतीचं टोक पाडून, चार फुटांची चौकट बसवून गेली. दाराची फळी घरांनी आपल्या पसंतीची लावावी, असं ठरलं होतं. साडेनवाला विमावाले म्हणाले, "बिजागऱ्या आमच्या बाजूला, म्हणजे कडी-कुलूप तुमच्याकडे. पण किल्ली आमच्याकडे राहील."

"कुलूप आमच्याकडे आणि किल्ली तुमच्याकडे? रात्री तुम्ही उघडून आलात तर?"

"तुमच्याकडे येऊन नेण्यासारखं आहे काय?"

"सहा इंच तर आधीच नेलेत. तुमच्याकडे साडेअठ्ठेचाळीस फूट आहेत हे आता तुमच्याच बायकोनं सिद्ध केलंय. ते मी सोडलेले नाहीत."

"मग दोन कुलपं लावू. एक तुमचं, एक आमचं."

"लावा. दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडता कामा नये."

आत्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. दोन कुलपं म्हणजे काय, हे त्यांना उमगलं. आज एकाची किल्ली सापडणार नाही, उद्या दुसऱ्याची. आठवड्यात ते दार भिंत होईल, आणि ही भिंत पाडायला आत्यांजवळ आणखी त्रेसष्ट वर्षं नव्हती.

पुढचा तंटा मापावरून झाला. वकिलांची टेप विमावाल्यांना मान्य नव्हती आणि विमावाल्यांची वकिलांना. सुताराला कुणी मधल्या मधे पढवेल, असा संशय दोन्हीकडे होता.

"मी आखून देते," आत्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं तेच केलंय. प्लायवूडवर पूर्ण मापात दाराची कड आखते. सुतारानं रेघेवर कापावं, दुसऱ्या कुणाचं ऐकू नये."

"एकट्या नाही," वकील लगेच म्हणाले. "आमच्याकडचं माणूस हवं. आई बसेल समोर."

दुपारी अंगणात, भिंत होती त्या जागी, प्लायवूड अंथरलं गेलं. दोघी म्हाताऱ्या दोन टोकांना बसल्या. मुलांनी दुरून पहारा ठेवला. आत्यांनी पिशवीतून पट्टी काढली. जुनी, लाकडी, एका टोकाला किंचित टवका उडालेली. हेडमिस्त्रींच्या आकसपट्ट्या दोन होत्या, एकाच खिळ्यावर एकीमागे एक. उद्यानाला आत्यांनी बिनटवक्याची दिली होती.

धाकलीनं पट्टीकडे पाहिलं. मग तिनं टवक्यावरून अंगठा फिरवला. टवका सहावीत, बाकावरून पट्टी पडली तेव्हाचा होता. मग तिनं आत्यांकडे पाहिलं, नीट, समोरासमोर.

"किती फूट?" तिनं विचारलं.

"चार."

धाकलीचे ओठ हलले. ती मोजत होती. तिनं एकवार दूर उभ्या असलेल्या मुलाकडे नजर टाकली आणि पट्टीचं टोक घट्ट दाबून धरलं.

"आख," ती म्हणाली. "आणि या वेळी ढोसू नकोस."

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, बदकं घाबरली, एका पाहुण्यांनी धुराड्याला कारंजं म्हटलं. मागच्या कोपऱ्यात दोन्ही घरं दोन कुलपं घेऊन उभी होती. सुतारानं दार बिजागऱ्यांवर चढवलं आणि लोटलं. ते चौकटीला येऊन टेकलं आणि आत जाईना. खांद्यानं रेटलं तरी जाईना.

"अर्धा इंच जास्त आहे," सुतार म्हणाला. "मी रेघेवरच कापलंय. रंधा मारू का?"

"मार की," विमावाले म्हणाले. "कडीच्या बाजूनं."

"कडीची बाजू आमची!" वकील म्हणाले. "आमच्या बाजूनं का? बिजागरीच्या बाजूनं मार."

"म्हणजे आमच्यातून जाणार अर्धा इंच?"

"सहा घेतलेत, त्यातला अर्धा द्यायला जीव जातो?"

"लेखी द्या, हे सहा इंचांत धरलं जाणार नाही म्हणून!"

"लेखी? थांबा, देतोच!"

सुतारानं रंधा पिशवीत टाकला आणि तो बदकं बघायला गेला.

आत्या त्या अर्धवट उघड्या दारातून आल्या. गुडघा कुरकुरला, पण घरापासून बाकापर्यंतची पावलं मोजून एकशे दहा भरली. धाकली आधीच बसली होती, एका टोकाला, पिशवी मांडीवर. आत्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. बीड उन्हानं छान तापलं होतं. मागून दोघांचे आवाज येत होते, आणि मधेच 'कलम' असा शब्द.

"सामोपचारानं घेतील का गं?" धाकलीनं विचारलं. "तसं झालं तर तासतील."

"तुझ्या पोरानं वकिली पास केलीये ना?"

"पहिल्या वर्गात."

"मग काळजी करू नकोस," आत्या म्हणाल्या. "आपल्या दोघींना पुरेल."

धाकलीनं पिशवी मांडीवरून उचलली आणि दोघींच्या मधे ठेवली.